समुद्रापलीकडील आपले धम्मबांधव : जात टाकणे आणि जातीविरुद्ध झटणे





नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांत एक प्रश्न वारंवार निघतो. घरातला शिकलेला मुलगा विचारतो, "आपण बौद्ध झालो, म्हणजे आपली जात संपली. मग शाळेच्या कागदावर, दाखल्यावर, जनगणनेच्या तक्त्यात ते जुने नाव पुन्हा कशासाठी? अन्याय झाला तर 'जातीवरून झाला' असे आपण का म्हणावे? असे म्हटले की आपण स्वतःच जात मान्य केली असे होत नाही काय?" घरातल्या वडीलधाऱ्यांना याचे उत्तर नीट देता येत नाही. काही जण चिडतात, काही गप्प बसतात. काही कुटुंबे तर जुने नाव कोणाला कळू नये म्हणून गाव सोडून शहरात येतात, आडनाव बदलतात आणि आपल्याच नातेवाइकांना ओळख देण्याचे टाळतात.

हा प्रश्न खोटा नाही. त्यामागे धम्मनिष्ठा आहे, आणि कधी कधी भीतीही आहे. दोन्ही वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. त्यासाठी आज आपण इंग्लंड-अमेरिकेत वसलेल्या आपल्या बांधवांच्या कार्याचा अभ्यास करू. त्यांच्यापुढे हाच प्रश्न परक्या देशात, परक्या कायद्यापुढे उभा राहिला. त्यांनी त्याचे जे उत्तर शोधले ते आपल्याही उपयोगाचे आहे.

१. भगवंतांनी दिलेला परदेशाचा दाखला

मज्झिम निकायात अस्सलायन सुत्त आहे. श्रावस्तीत निरनिराळ्या प्रदेशांतून पाचशे ब्राह्मण जमले होते. श्रमण गौतम चारही वर्णांची शुद्धी सारखीच मानतो, त्याच्याशी वाद कोण करील, असा विचार त्यांच्यात चालला. त्यांनी अस्सलायन नावाच्या सोळा वर्षांच्या विद्वान तरुणाला पुढे केले. तो प्रथम तयार नव्हता. गौतम धम्मवादी आहे आणि धम्मवाद्याशी वाद करणे कठीण असते, असे तो म्हणत होता. शेवटी आग्रहाखातर तो गेला.

ब्राह्मण हे ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मले, असे त्याने सांगितले. भगवंतांनी उत्तर दिले की ब्राह्मणांच्या स्त्रियाही ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसवतात, मुलांना पाजतात. मग मुखातून जन्मण्याची गोष्ट कुठली? त्यानंतर भगवंतांनी जो मुद्दा मांडला तो आजच्या पाठासाठी फार महत्त्वाचा आहे. योन आणि कंबोज या सरहद्दीपलीकडच्या देशांत दोनच वर्ण आहेत, एक मालक आणि दुसरा दास. आणि तिथे मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस काय, असे त्यांनी विचारले. अस्सलायनाला होय म्हणावे लागले.

याचा अर्थ काय? चार वर्ण जर निसर्गाने केले असते, तर ते सगळ्या जगात असते. पाऊस आणि वारा सगळ्या देशांत असतो. वर्ण मात्र एका देशात आहे, शेजारच्या देशात नाही. म्हणजे तो माणसाने केलेला आहे, आणि माणसाने केलेले माणसाला मोडता येते. अग्नीचा दाखलाही याच सुत्तात आहे. उच्च मानलेल्याने चंदनाच्या लाकडाने पेटवलेला अग्नी आणि हीन मानलेल्याने एरंडाच्या लाकडाने पेटवलेला अग्नी, दोन्हींना ज्योत तीच, तेज तेच.

त्या काळी भगवंतांनी परदेशाकडे बोट दाखवून सांगितले की पाहा, तिथे हे नाही. अडीच हजार वर्षांनी आपल्याला एक उलटी गोष्ट पाहावी लागते. जिथे जात नव्हती त्या देशांतही इथली माणसे ती घेऊन गेली.

२. बाबासाहेबांनी ओळखलेला धोका

ही गोष्ट प. पू. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विद्यार्थिदशेतच ओळखली होती. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्या निबंधाच्या आरंभीच त्यांनी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या १९०९ सालच्या इंग्रजी ग्रंथातील एका विधानाचा आधार घेतला. हिंदू माणसे पृथ्वीवर इतरत्र जाऊन राहू लागली तर जातीचा प्रश्न साऱ्या जगाचा प्रश्न होईल, असा त्या विधानाचा आशय आहे. पुढे जे घडले त्याने ते खरे ठरवले.

परदेशात जाऊन आपली बाजू जगापुढे मांडण्याची वाटही बाबासाहेबांनीच पाडली. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत मद्रासचे रेट्टमलै श्रीनिवासन आणि बाबासाहेब हे दोघे अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले. हजारो वर्षे ज्यांना गावच्या चावडीत पाऊल टाकता येत नव्हते, त्यांची कैफियत साम्राज्याच्या राजधानीत वाचली गेली. १९४६ साली अमेरिकेतील निग्रो जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांनी वाचले. तेव्हा त्यांनी त्या जनतेचे थोर विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. भारतातील अस्पृश्यही असाच विचार करीत आहेत, असे त्यांनी कळवले. डुबॉय यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. आपले दुःख जगातल्या इतर पीडितांच्या दुःखाशी जोडून पाहण्याची ही दृष्टी होती.

३. इंग्लंडात गेलेले लोक कोण?

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की परदेशातले आंबेडकरी लोक म्हणजे मराठी डॉक्टर आणि इंजिनियर. इंग्लंडपुरते तरी हे खरे नाही. तिथे प्रथम आणि मोठ्या संख्येने गेले ते पंजाबच्या दोआबातले, म्हणजे जालंधर, होशियारपूर या भागातले आपले बांधव. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडातील कारखान्यांना माणसे हवी होती. १९५० आणि १९६० च्या दशकांत ही मंडळी वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड, लंडनजवळचे साउथहॉल अशा ठिकाणी ओतकामाच्या भट्ट्यांवर, विटांच्या आणि इतर कारखान्यांत कामाला लागली.

दोआबात चळवळ आधीच रुजलेली होती, आणि तिचीही एक शाखा परदेशातून आलेली होती. मुगोवालचे मंगू राम १९०९ साली अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियात त्यांनी मजुरी केली आणि गदर पक्षात काम केले. १९२५ साली ते परत आले तेव्हा गावात अस्पृश्यता होती तशीच होती. परदेशात बरोबरीने वागलेल्या माणसाला ते सहन होईना. १९२६ साली त्यांनी आदिधर्म मंडळ उभे केले. १९३१ च्या जनगणनेत पंजाबातल्या ४ लाख १८ हजारांहून अधिक लोकांनी आपला धर्म 'आदिधर्म' असा लिहवला. जनगणनेच्या एका रकान्यात किती बळ असते हे या लोकांनी दाखवून दिले. ऑक्टोबर १९५१ मध्ये बाबासाहेब स्वतः जालंधरला गेले आणि बूटा मंडीत त्यांची सभा झाली. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर दोनच वर्षांनी, १९५८ साली, लाहोरी राम बाली यांनी जालंधरहून 'भीम पत्रिका' सुरू केली. इंग्लंडला गेलेल्या मजुराच्या मनात ही सारी शिदोरी होती.

तिथे काय अनुभव आला? गोऱ्या माणसाच्या नजरेत सगळे काळेच होते. कारखान्यात वर्णद्वेष सोसावा लागे. परंतु ज्या आपल्याच देशबांधवांबरोबर तो सोसायचा, तेही संध्याकाळी विचारीत, "गाव कोणते? आडनाव काय? कोणाच्या मोहल्ल्यातले?" लग्ने जातीत, देवस्थाने जातवार, पंचायत जातवार. एकाच भट्टीवर काम करणाऱ्या दोन पंजाबी माणसांत समुद्र ओलांडूनही ती भिंत उभी राहिली. हवा बदलली, भाषा बदलली, पगार बदलला; मन बदलले नाही. जात ही जमिनीत नसते, मनात असते. म्हणून ती सामानाबरोबर जाते.

४. विहार : परक्या भूमीतले घर

या परिस्थितीत आपल्या बांधवांनी प्रथम काय केले? त्यांनी एकत्र बसायला जागा केली. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये बाबासाहेबांच्या स्मारक समितीचे बुद्ध विहार आहे. इतर शहरांतही आंबेडकरी आणि बौद्ध संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांचा एक महासंघही झाला. आठवडाभर कारखान्यात काम करून सुटीच्या दिवशी माणसे जमत. एप्रिलमध्ये भीमजयंती, वैशाखी पौर्णिमेला बुद्धजयंती, ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन, डिसेंबरात महापरिनिर्वाण दिन, असे आपलेच वर्ष त्यांनी तिकडे चालू ठेवले.

आपण महाराष्ट्रातले बौद्ध मराठीत गीते गातो. ते पंजाबीत गातात. परंतु त्रिसरण-पंचशील दोघांचे पालीतच असते. नागपूरचा उपासक वुल्व्हरहॅम्प्टनच्या विहारात जाऊन बसला तर त्याला तिथले भाषण कदाचित कळणार नाही, पण वंदना कळेल. लंडनमध्ये सिंहली, थाई आणि ब्रह्मी भिक्खूंची विहारे आहेत. तिथे आपल्या लोकांना प्रथमच दिसले की बुद्धाचा धम्म हा अनेक राष्ट्रांचा धम्म आहे. भारतात ज्याला "नवबौद्ध" म्हणून हिणवले जाते, तो तिथे केवळ बौद्ध असतो.

अडचणीही आहेत. तिसऱ्या पिढीची मुले इंग्रजीच बोलतात. आजोबांनी सोसलेले त्यांना गोष्टीसारखे वाटते. म्हणून तिथल्या संस्थांना मुलांसाठी इंग्रजीतून बाबासाहेबांचा परिचय करून द्यावा लागतो. आपली मुले मराठी जाणतात, हे आपले भाग्य. पण त्यांना आपण किती सांगतो, हा प्रश्न आपल्यालाही आहेच.

स्मारकांचे कामही याच मंडळींनी केले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९९४ साली आणि कोलंबिया विद्यापीठात १९९५ साली बाबासाहेबांचे अर्धपुतळे बसले, ते इंग्लंडमधील आंबेडकरी संघटनांच्या पुढाकाराने. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ साली विद्यार्थी म्हणून राहिले, ते विक्रीला निघाले. तेव्हा ते विकत घ्यावे म्हणून सरकारकडे प्रथम पत्रव्यवहार केला तोही तिथल्या महासंघाने. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर सुमारे ३१ लाख पौंडांना घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तिथे स्मारकाचे उद्घाटन झाले. पुढे स्थानिक परिषदेने राहत्या घराचे संग्रहालय करण्यास हरकत घेतली. २०१९ मध्ये त्याची जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. तिथेही संघटित राहून, कागदपत्रे मांडून आणि माणसे उभी करूनच जिंकावे लागले.

५. कायद्यासाठी झालेला लढा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. इंग्लंडमध्ये वर्णभेदाविरुद्ध कायदा आहे. गोऱ्या मालकाने काळ्या कामगाराला रंगावरून हाकलले तर दाद मागता येते. परंतु भारतीय मालकाने भारतीय कामगाराला जातीवरून छळले तर? दोघांचा रंग एक, देश एक. न्यायाधीशाला तो भेद दिसणार कसा?

आपल्या बांधवांनी मागणी केली की कायद्यात 'जात' हा शब्द स्पष्ट लिहावा. नुसती मागणी करून ते थांबले नाहीत. त्यांनी लोकांचे अनुभव गोळा केले आणि २००९ साली जातिभेदविरोधी संघटनांच्या आघाडीने अहवाल प्रसिद्ध केला. २०१० साली समता कायदा झाला, त्यात सरकारला हवे तर जातीचा समावेश करता येईल अशी तरतूद आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने नेमलेल्या राष्ट्रीय आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेने अहवाल दिला. कामाच्या ठिकाणी, सेवा देताना आणि शाळांतही जातीवरून छळ होत असल्याचे पुरावे तिला मिळाले. ब्रिटनमध्ये खालच्या मानलेल्या जातींचे लोक पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असावेत, असे अंदाज त्या अहवालात नोंदले आहेत.

२०१३ साली लॉर्ड सभेत बिशप म्हणून काम केलेले लॉर्ड हॅरिस, लॉर्ड एव्हबरी इत्यादी सभासदांनी हा प्रश्न लावून धरला. मार्च महिन्यात २५६ विरुद्ध १५३ मतांनी त्यांची दुरुस्ती मंजूर झाली. एप्रिलमध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. "हवे तर" या शब्दांच्या जागी "केलेच पाहिजे" हे बंधन आले. आपल्या गिरणी-कारखान्यांतल्या माणसांनी जगातल्या जुन्या संसदेकडून हे मिळवले.

परंतु विजय पुरा झाला नाही. काही हिंदू संघटनांनी जोराचा विरोध केला. सरकारने वर्षामागून वर्षे काढली. २०१७ मध्ये लोकमत मागवले, सोळा हजारांहून अधिक उत्तरे आली. जुलै २०१८ मध्ये सरकारने सांगितले की कायद्यात शब्द घालण्याची गरज नाही, न्यायालयाचे निर्णय पुरेसे आहेत आणि ते बंधन काढून टाकण्यात येईल.

हा न्यायालयाचा निर्णय कोणता? बिहारमधून घरकामासाठी नेलेल्या एका आदिवासी स्त्रीने मालकांविरुद्ध दावा केला होता. तिला दिवसाला अठरा तासांपर्यंत काम, झोपायला जमिनीवर गादी आणि मजुरी तासाला काही पेन्स, अशी तिची स्थिती होती. डिसेंबर २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ठरवले की काही प्रकरणांत जातीवरून झालेला भेद हा वांशिक मुळावरून झालेल्या भेदात येऊ शकतो. २०१५ मध्ये तिला थकलेल्या मजुरीपोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा हुकूम झाला. एका निराधार स्त्रीने तोंड उघडले म्हणून पुढच्या सर्वांना वाट झाली. परंतु 'काही प्रकरणांत' आणि 'येऊ शकतो' यावर गरीब माणसाने किती विसंबावे? म्हणून आपल्या बांधवांची मागणी कायम आहे.

६. अमेरिकेतील आणि जागतिक प्रयत्न

अमेरिकेत गेलेल्यांत शिकलेल्यांचा भरणा अधिक. तिथे स्थायिक झालेले डॉ. लक्ष्मी बेरवा यांनी १९८२ साली जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क उपआयोगापुढे अस्पृश्यांची कैफियत मांडली. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १९८३ मध्ये, भारतातून गेलेले बाबासाहेबांचे सहकारी आणि बौद्ध विचारवंत भगवान दास यांनी तिथेच साक्ष दिली. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेदविरोधी समितीने जन्मावरून होणाऱ्या भेदात जातीचा समावेश होतो, असे स्पष्ट केले.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराच्या परिषदेने सहा विरुद्ध एक मताने जातिभेदाला बंदी करणारा ठराव केला. अमेरिकेतले असे ते पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी असेच विधेयक संमत केले. पण ७ ऑक्टोबर रोजी गव्हर्नरने त्यावर सही करण्यास नकार दिला. आधीचे कायदे पुरेसे आहेत, असेच कारण तिथेही पुढे आले. त्यानंतर एका आठवड्यानेच, १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, मेरीलँड राज्यातील अकोकीक येथे आंबेडकरी बांधवांनी उभारलेल्या केंद्रात बाबासाहेबांच्या एकोणीस फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. तो पुतळा घडवला धुळे जिल्ह्यात जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी. एका आठवड्यात हार आली आणि पुतळाही उभा राहिला. चळवळीचे असेच असते. एका हाराने ती संपत नाही, आणि एका पुतळ्याने पुरीही होत नाही.

७. आक्षेप आणि त्याचे उत्तर

विरोधकांचा सर्वांत मोठा आक्षेप कोणता होता? ते म्हणत, "इथल्या मुलांना जात ठाऊकच नाही. कायद्यात शब्द घातला की तीच त्यांना शिकवली जाईल. तुम्ही बौद्ध जात मानत नाही ना, मग तिचे नाव कायद्यात कशाला आणता?"

आपल्या घरातल्या मुलाचा प्रश्न आठवा. तो आणि हा आक्षेप शब्दांनी जवळजवळ एकच आहेत. पण विचारणारे वेगळे आहेत. मुलगा जातीतून सुटण्यासाठी विचारतो. विरोधक जातीची चर्चा टाळण्यासाठी विचारतो. उत्तर मात्र दोघांनाही एकच देता येते.

भगवंतांनी चार आर्यसत्यांत पहिले सत्य कोणते सांगितले? दुःख आहे, हे. दुःखाचे नाव घेतल्याने दुःख वाढते, असे त्यांनी सांगितले नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा निरोध होऊ शकतो आणि त्याला मार्ग आहे, असा क्रम त्यांनी लावला. वैद्याने रोगाचे नाव घेतले म्हणून रोग होत नाही. रोग्याने नाव लपवले तर मात्र औषध मिळत नाही.

दुसरे असे की, नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत नववी आणि दहावी प्रतिज्ञा जोडीने येतात. नववीत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. दहावीत समता स्थापन करण्यासाठी प्रयत्न करण्याची आहे. नववी मनाची आहे, दहावी हातापायांची आहे. जो म्हणतो, मी जात मानत नाही, म्हणून जातीच्या अन्यायावर बोलणार नाही, तो नववी पाळतो आणि दहावी मोडतो. आणि जो जातीच्या अन्यायावर सभा गाजवतो पण स्वतःच्या घरात पोटजात पाळतो, तो दहावी पाळतो आणि नववी मोडतो. बौद्धाला दोन्ही पाळावयाच्या आहेत.

कायद्यात 'जात' हा शब्द आला म्हणजे तो पीडिताच्या कपाळावर चिकटत नाही. तो छळणाऱ्याच्या कृत्याला दिलेले नाव असतो. चोरीचा कायदा केला म्हणून चोरी मान्य केली असे होत नाही.

८. आपल्या घरात याचा उपयोग

हे सारे वाचून आपण काय करावे? तीन गोष्टी.

पहिली, कागदाची. महाराष्ट्रात राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १ मे १९६० पासून, बौद्धांना राज्याच्या सवलती मिळू लागल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन त्यात बौद्धांचा समावेश झाला. त्यापूर्वी कित्येकांना बौद्ध असूनही कागदावर हिंदू लिहावे लागे. आता ती सबब उरली नाही. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असेच लिहावे. २०२७ च्या जनगणनेत सर्व जातींचीही नोंद होणार असल्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. धर्म बौद्ध लिहून, अनुसूचित जातीची नोंद दाखल्यावर आहे तशी करणे यात प्रतिज्ञेचा भंग नाही. धर्माचा रकाना आपण काय झालो ते सांगतो. जातीचा रकाना समाजाने आपल्याशी काय केले ते सांगतो. १९३१ साली दोआबातल्या निरक्षर माणसांनी आपला रकाना जाणून भरला होता. आपण तर लिहितो-वाचतो.

दुसरी, तोंड उघडण्याची. मुलाला शाळेत टोमणा मिळाला, मुलीला वसतिगृहात वेगळे बसवले, भाड्याचे घर आडनाव ऐकून नाकारले, तर दिवस, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावेत. इंग्लंडच्या बांधवांचा लढा अशाच लहान लहान नोंदींनी उभा राहिला. राग दोन दिवसांत विरतो, नोंद टिकते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, आणि ती परक्यांना सांगायची नसून स्वतःला सांगायची आहे. इंग्लंडात अजूनही वेगवेगळ्या पूर्वास्पृश्य जातींची मंदिरे आणि सभागृहे वेगवेगळी आहेत. आपल्याकडे काय आहे? धम्मदीक्षा घेणारी कुटुंबे आज महार, मातंग, चर्मकार, भटके-विमुक्त, इतर मागासवर्गीय अशा निरनिराळ्या समाजांतून येतात. विहारात एका रांगेत बसतो, पण मुलाचे स्थळ पाहताना आपण हळूच विचारतो, "पण मूळचे कोण?" हा प्रश्न वुल्व्हरहॅम्प्टनच्या त्या जुन्या प्रश्नाचाच भाऊ आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात सांगितले की जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे. कायद्याकडे आपण ज्या गोष्टीची मागणी करतो, ती आपल्या सोयरिकीत दिसली पाहिजे. नाहीतर ब्रिटिश संसदेला जे सांगितले तेच आपल्या ओसरीवर खोटे ठरेल.

मुलाला उत्तर द्यायचे ते असे : "बाळा, जात आपण मनातून टाकली आहे, म्हणून ती आपल्याला लागत नाही. पण ती जगातून गेलेली नाही, म्हणून तिच्याविरुद्ध बोलावे लागते. ज्या दिवशी ती जगातूनही जाईल, त्या दिवशी हा रकाना आपण आनंदाने कोरा सोडू."

एरंडाच्या लाकडाचा अग्नी आणि चंदनाच्या लाकडाचा अग्नी सारखाच जळतो, हे भगवंतांनी श्रावस्तीत सांगितले. आपल्या बांधवांनी ते लंडनला, न्यूयॉर्कला आणि जिनिव्हाला जाऊन सांगितले. आपण ते आपल्या वाड्यावस्तीत सांगूया.

अभ्यासासाठी प्रश्न

(कुटुंबाने एकत्र बसून, किंवा रविवारी विहारात वंदनेनंतर चर्चा करावी.)

१. योन आणि कंबोज देशांच्या दाखल्यावरून भगवंतांनी वर्णाविषयी काय सिद्ध केले?
२. परदेशात गेल्यावर जात आपोआप का संपली नाही? दोन कारणे सांगा.
३. नवव्या आणि दहाव्या प्रतिज्ञेतील फरक आपल्या घरातील एखाद्या प्रसंगावरून समजावून सांगा.
४. "कायद्यात जात हा शब्द आणला तर जात वाढेल" या आक्षेपाला चार आर्यसत्यांच्या आधारे उत्तर द्या.
५. आपल्या नात्यात गेल्या काही वर्षांत झालेले विवाह आठवा. त्यांत 'मूळचे कोण' हा प्रश्न विचारला गेला का? कोणी विचारला? उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. ते दुसऱ्याला सांगण्याची सक्ती नाही.

सब्बे सत्ता सुखी होन्तु.